ड्रम काढून डिस्क लावले, तरी पेडल पुन्हा पुन्हा खाली का जातं?

जुन्या फोर बाय फोरला पुढे डिस्क ब्रेक बसवले. ब्रेकच्या लाईनमधली हवा काढली (म्हणजे ब्लीडिंग केलं), पेडल छान वर आलं, गाडी जागच्या जागी थांबायला लागली. थोडे दिवस कच्च्या रस्त्यावर फिरवल्यावर मात्र पहिल्या दाबाला पेडल निम्म्याच्या खाली जातं आणि दुसऱ्या दाबाला परत जागेवर येतं. पुन्हा हवा काढली की थोडे दिवस बरं, मग पुन्हा तेच. ड्रमवरून डिस्कवर आलेल्या जुन्या गाड्यांची ही सर्रास तक्रार आहे, आणि त्यावर लोक महिनोन्महिने नुसती हवाच काढत बसतात.

हवा एकदा नीट काढली असेल आणि टाकीतलं ब्रेक ऑइल कमी होत नसेल, तर बंद लाईनमध्ये नवी हवा सहसा येत नाही. (याला एक अपवाद आहे, तो पुढे येईल.) मग हवा काढल्यावर बरं का वाटतं? कारण हवा काढताना आपण पेडल पंधरा-वीस वेळा मारतो. त्या मारण्याने कॅलिपरचे, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीचे, पिस्टन पुढे सरकतात, पॅड डिस्कला टेकतात आणि पेडल वर येतं. गुण पंपिंगचा असतो, श्रेय ब्लीडिंगला मिळतं. म्हणून निप्पलला (हवा सोडण्याच्या स्क्रूला) पाना लावण्याआधी दोष कुठल्या जातीचा आहे ते ठरवा. त्याला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत नाही.

आधी पेडलचं म्हणणं ऐका

'पेडल खराब आहे' या एका वाक्यात चार वेगळे आजार लपलेले असतात. स्पंजी पेडल पायाखाली रबरासारखं दबतं, कितीही दाबलं तरी कडक होत नाही. लांब पेडल बरंच खाली जातं, पण जिथे थांबतं तिथे दगडासारखं थांबतं. बसणारं पेडल वर कडक लागतं, पण पाय तसाच दाबून ठेवला की हळूहळू तळाला जातं. बाहेर कुठेही गळती नसेल तर मास्टर सिलिंडरचे (पेडलच्या जोराने तेल ढकलणाऱ्या सिलिंडरचे) रबर आतल्या आत तेल सोडताहेत, आणि तिथे बाकी काही शोधत बसू नका. चौथं पेडल वर असतं, कडक असतं, पण गाडीच थांबत नाही.

पुन्हा पुन्हा परतणारी तक्रार बहुतेक वेळा लांब पेडलची असते. तिच्यासाठी एक साधी तपासणी आहे आणि माझ्या मते या सगळ्या कामात तिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही.

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना ठोकळे लावा. पेडल तीन-चार वेळा मारून वर आणा. पाय काढा, दहा सेकंद थांबा आणि एकदाच दाबा. एवढ्यातच पेडल पुन्हा लांब झालं, तर मागच्या ड्रमचे लायनर ड्रमपासून लांब पडलेत. ड्रममध्ये स्प्रिंग असते, ती पाय काढताच शू (लायनर लावलेली कमान) मागे ओढते. म्हणून ड्रमचा दोष काही सेकंदांत परत येतो.

दहा सेकंदांनी पेडल वरच असेल, तर गाडी न हलवता पंधरा-वीस मिनिटं तशीच ठेवा आणि मग दाबा. आता लांब झालं, तर तेल कॅलिपरमधून परत टाकीकडे उतरतंय.

तेही नसेल, तर ठोकळे काढा आणि गाडी अगदी हळू, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत, मोकळ्या जागेत एक चक्कर मारून आणा. हँडब्रेक नीट काम करतो याची खात्री आधी करून घ्या. आता पहिला दाब लांब लागला, तर चाक फिरताना पॅड मागे ढकलले जाताहेत.

तीन वेगळ्या वेळा, तीन वेगळी कारणं, आणि एकाचाही हवेशी संबंध नाही.

पॅड मागे ढकलले जाणं

कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या जुन्या गाडीत सगळ्यात जास्त सापडणारं आणि सगळ्यात कमी तपासलं जाणारं कारण हेच. आकडे मांडले की ते किती गंभीर आहे ते कळतं. जुन्या पिकअपच्या मोठ्या सिंगल पिस्टन कॅलिपरचा पिस्टन सुमारे ७४.६ मिलीमीटरचा असतो. त्याचं क्षेत्रफळ होतं जवळपास ४३.७ चौरस सेंटिमीटर. ड्रममधल्या १ इंची व्हील सिलिंडरच्या पिस्टनचं ५ चौरस सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे कॅलिपरचा पिस्टन आठपटीहून मोठा. आता पॅड आणि डिस्क यांच्यात दोन्ही बाजू मिळून फक्त अर्धा मिलीमीटर फट पडली असं धरा. ती भरायला एका कॅलिपरला सुमारे २.२ मिलीलीटर तेल लागतं, पुढच्या दोन्ही चाकांना मिळून ४.४. १ इंची मास्टर सिलिंडरला एवढं तेल द्यायला साडेआठ मिलीमीटरच्या वर सरकावं लागतं. पेडलचं गुणोत्तर ६:१ असेल (पाय सहा मिलीमीटर गेला की मास्टरचा पिस्टन एक मिलीमीटर) तर तुमचा पाय ५ सेंटिमीटर खाली जातो, आणि तोवर ब्रेक लागायला सुरुवातही झालेली नसते. मास्टर पाऊण इंची असेल तर हेच अंतर ९ सेंटिमीटर. जुन्या जीपमध्ये एवढ्यात पेडल फरशीला टेकतं.

अर्धा मिलीमीटर फट पडायला फार काही बिघडावं लागत नाही. ड्रमला चाकाचा आत-बाहेरचा थोडा प्ले जाणवतच नाही, कारण लायनर ड्रमच्या आतल्या गोल भिंतीवर टेकतो आणि भिंत आडवी सरकली तरी अंतर तेच राहतं. डिस्कचं उलट आहे. डिस्क आडवी हलली की ती थेट पॅडला ढकलते. म्हणजे तीस-चाळीस वर्षं जो ढिलेपणा ड्रमने सहन केला, तोच डिस्क लावल्याबरोबर पेडलमध्ये दिसायला लागतो.

पुढच्या बाजूने सुरुवात करा. चाक जॅकवर घ्या, वर आणि खाली हात धरून हलवा. खडखड लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर व्हील बेअरिंग ढिली आहे. राहिली तर किंगपिनची (चाक ज्यावर वळतं त्या खिळीची) बेअरिंग किंवा बुश गेलेत. बेअरिंगचं प्रीलोड (आवळण्याचा ताण) त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच बसवा, अंदाजाने नट आवळून भागत नाही. ढिली बेअरिंग पॅड ढकलते, आणि जास्त आवळलेली बेअरिंग गरम होऊन स्वतःच जाते.

बेअरिंग ठीक झाल्यावरच डिस्कचा रनआउट (फिरतानाचं डोलणं) मोजा. आधी मोजलात तर बेअरिंगचा प्लेही त्यात मिसळेल. सगळे नट वॉशर घालून आवळा, डायल गेजचं टोक डिस्कच्या काठापासून सुमारे १ सेंटिमीटर आत टेकवा आणि हब सावकाश एक फेरी फिरवा. काटा ०.१ मिलीमीटरपेक्षा जास्त हलला तर डिस्क उतरवा आणि हबचा चेहरा पाहा. बऱ्याच वेळा डिस्क सरळ असते. हबच्या तोंडावर, स्टडच्या मुळाशी, जुन्या गंजाचा किंवा रंगाचा नखाएवढा पापुद्रा राहिलेला असतो. तो वायर ब्रशने साफ करून डिस्क परत बसवली की काटा शांत होतो. नवी डिस्क विकत घेण्याआधी हे करून पाहा.

मागेही डिस्क लावले असतील, तर आणखी एक जागा आहे. सेमी फ्लोटिंग एक्सलमध्ये चाक थेट एक्सल शाफ्टवर असतं, आणि शाफ्ट आत-बाहेर जेवढा सरकतो तेवढीच डिस्क सरकते. जुन्या सीजे जीपच्या टेपर टोकाच्या शाफ्टवर हा प्ले शिम (पातळ चकत्या) घालून ठेवलेला असतो आणि त्या शिमा ड्रमच्या बॅकिंग प्लेटपाशीच बसतात. बॅकिंग प्लेट काढून तिथे कॅलिपरचं ब्रॅकेट लावलं आणि दोघांची जाडी सारखी नसली, तर प्ले बदलला. शिम पुन्हा मोजून घातल्या नाहीत तर एकतर शाफ्ट सरकत राहतो आणि पॅड ढकलतो, नाहीतर बेअरिंग दबून जळते. फुल फ्लोटिंग एक्सलला हा त्रास नाही, तिथे चाक शाफ्टवर नसून हबवर असतं, म्हणून हबची बेअरिंग बघितली की पुरे.

तेल परत उतरणं, आणि तो अपवाद

विलीज जीपच्या जमान्यातल्या गाड्यांमध्ये मास्टर सिलिंडर पायाखाली, फरशीच्या खाली असतो. म्हणजे कॅलिपर मास्टरपेक्षा वर किंवा फार तर बरोबरीत. गाडी उभी असताना तेल सावकाश मास्टरकडे उतरतं आणि पिस्टन थोडा मागे जातो. यावर उपाय म्हणजे डिस्कच्या लाईनमध्ये २ पीएसआयचा रेसिड्युअल प्रेशर व्हॉल्व्ह, म्हणजे पाय काढल्यावरही लाईनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह. मास्टर वर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) असेल तर याची गरज नसते.

इथेच एक मोठा घोळ होतो. ड्रमसाठीही रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, पण तो साधारण १० पीएसआयचा. ड्रमच्या जुन्या मास्टरमध्ये तो आतच, तोंडाशी बसवलेला असतो आणि बाहेरून दिसत नाही. जुना मास्टर तसाच ठेवून पुढे डिस्क लावले की हा व्हॉल्व्ह डिस्कच्या लाईनवर येतो. वर सांगितलेल्या कॅलिपरवर १० पीएसआय म्हणजे पाय काढलेला असतानाही सुमारे ३० किलोचा दाब. ड्रममध्ये स्प्रिंग त्याला पुरून उरते. डिस्कमध्ये स्प्रिंग नाही. पिस्टनला मागे घेते ती फक्त चौकोनी सील, तीही मिलीमीटरच्या छोट्या हिश्शाएवढी. पॅड घासत राहतात, डिस्क तापते आणि गाडी ओढल्यासारखी चालते.

आता अपवाद. उलट परिस्थितीत, म्हणजे चारही डिस्कसाठीचा नवा मास्टर आणला आणि मागे ड्रम तसेच ठेवले, तर मागच्या लाईनला रेसिड्युअल दाबच राहत नाही. पाय झटकन काढला की व्हील सिलिंडरच्या कपची (रबरी सीलची) कड क्षणभर सैल पडते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. गळती नाही, तेल कमी होत नाही, तरी हवा येत राहते. हवा दर वेळी मागच्याच चाकांतून निघत असेल तर हेच समजा. मागच्या लाईनला १० पीएसआयचा व्हॉल्व्ह घाला, किंवा व्हील सिलिंडरला धातूचे एक्सपांडर असलेले कप घाला. ते कपची कड ताणून धरतात.

खरंच स्पंजी असेल तर

सगळ्यात आधी कॅलिपरचा निप्पल बघा. तो कॅलिपरच्या सगळ्यात वरच्या जागी असायला हवा. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला तर निप्पल खाली जातो आणि वरच्या कोपऱ्यात हवेचा फुगा कायमचा अडकतो. लिटरभर तेल घालवलं तरी तो निघत नाही. कित्येक कॅलिपर दोन्ही बाजूंना तितकेच बेमालूम बसतात, त्यामुळे बसले म्हणजे बरोबर बसले असं नाही. ब्रॅकेटच्या बनावटीमुळे निप्पल तिरका येत असेल, तर कॅलिपर काढून निप्पल वर धरा, पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीचा लाकडी ठोकळा घाला आणि तसाच ब्लीड करा.

नवा मास्टर गाडीवर चढवण्याआधी बाकावर ब्लीड केला नसेल, तर त्यातली हवा चाकापर्यंत येतच नाही. तिथल्या तिथे पुढे-मागे होत राहते.

संशय मास्टरवर की पुढच्या लाईनवर, हे ठरवायला मास्टरची दोन्ही तोंडं योग्य आट्याच्या प्लगने बंद करा आणि पेडल दाबा. ते वरच, अगदी कडक लागलं पाहिजे. लागलं तर मास्टर निर्दोष. मग एकेक लाईन जोडत जा. ज्या लाईनला पेडल मऊ होईल तिथे दोष. होज पाईपला पकड मारून बंद करण्यापेक्षा ही पद्धत शंभर पटीने चांगली. जुन्या रबरी होजला पकड मारली की आतलं अस्तर फाटतं आणि एक नवाच आजार तयार होतो.

आणि एक गोष्ट डोळ्यांनी पाहा. चाक काढा, टॉर्च घेऊन कॅलिपरजवळ बसा, हात लांब ठेवा आणि दुसऱ्याला इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबायला सांगा. कॅलिपर आणि ब्रॅकेट यांच्या मधल्या रेषेकडे बघत राहा. ब्रॅकेट वाकताना किंवा कॅलिपर तिरका होताना दिसला, तर तो स्पंजीपणा तेलातला नाही, लोखंडातला आहे. पातळ पत्र्याचं घरगुती ब्रॅकेट असेल तर ते काढून टाका. ब्रेकच्या ब्रॅकेटवर तडजोड करू नका, वेल्डिंगवर तर मुळीच नाही.

चिकटणारा ब्रेक

हाही परत परत येणारा दोष, आणि याला हमखास शोधून काढणारा क्रम आहे. गाडी चालवून ब्रेक चिकटू द्या, मग उभी करून चाक जॅकवर घ्या. चाक जाम असतानाच पुढची कामं करायची, थंड झाल्यावर काही कळत नाही. डोळ्यांना चष्मा लावा, हातात मोजे घाला, तेल गरम असतं.

मास्टर फायरवॉलवर किंवा बूस्टरवर (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यावर) असेल तर त्याचे दोन नट ढिले करून तो दोन-तीन मिलीमीटर पुढे ओढा. चाक सुटलं तर पुशरॉड लांब आहे. पाय काढल्यावरही तो पिस्टनला पूर्ण मागे येऊ देत नाही, त्यामुळे कॉम्पेन्सेटिंग पोर्ट (टाकीकडे जाणारं बारीक छिद्र) झाकलेलं राहतं. चाकातलं तेल तापून फुगतं, त्याला टाकीकडे जायला वाट उरत नाही, आणि ब्रेक स्वतःच लागत जातो. पुशरॉड आणि पिस्टनमध्ये साधारण १ मिलीमीटर मोकळीक ठेवा. फरशीखालच्या मास्टरला ओढायला जागा नसते, तिथे पुशरॉडचा नट फिरवून हेच पाहता येतं.

चाक सुटलं नाही, तर मास्टरच्या तोंडाशी लाईनचा नट अर्धा आटा सोडा. तेल उडून चाक सुटलं तर रेसिड्युअल व्हॉल्व्ह किंवा पोर्टमधली घाण. तरीही जाम असेल तर कॅलिपरचा निप्पल उघडा. आता सुटलं तर दाब मधेच अडकलाय, म्हणजे होज पाईप. जुना होज आतून सुजतो. पायाच्या जोराने तेल जातं, पण परत येत नाही. बाहेरून तो ठणठणीत दिसतो. निप्पल उघडूनही चाक जाम, तर दोष कॅलिपरमध्येच: गंजलेला पिस्टन किंवा चिखलाने बसलेल्या स्लाइड पिन (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या). पिन काढा, साफ करा, ब्रेकचंच उष्णता सहन करणारं ग्रीस लावा आणि रबरी बूट फाटले असतील तर बदला. चिखलापाण्यात जाणाऱ्या गाडीला हे काम दर मोसमाला करावंच लागतं.

पेडल कडक, पण गाडी थांबत नाही

डिस्कला ड्रमसारखा स्वतःला ओढून घेण्याचा गुण नाही. ड्रममध्ये फिरणारा ड्रम शूला आणखी आत खेचतो. डिस्कमध्ये जेवढा दाब पाय देतो तेवढाच. म्हणून डिस्कला लाईनमध्ये जास्त दाब लागतो. बूस्टर नसेल तर पेडल गुणोत्तर ६:१ च्या आसपास हवं; बूस्टर असलेल्या गाड्यांत ते ४:१ च्या जवळ असतं. मास्टर १ इंचीवरून सात अष्टमांश इंची केला तर त्याच पायाला ३० टक्के जास्त दाब मिळतो, पण पेडलही तेवढंच लांब जातं. म्हणून पॅड ढकलण्याचा दोष काढल्याशिवाय मास्टर बदलू नका, नाहीतर एक दुखणं काढून दुसरं घ्याल. डिझेल इंजिनवर बूस्टर लावणार असाल तर व्हॅक्यूम पंप हवाच. डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये बूस्टर चालवण्याएवढा व्हॅक्यूम तयार होत नाही.

मागची चाकं आधी लॉक होत असतील, तर मागच्या लाईनमध्ये ॲडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी करणारा) घाला आणि मोकळ्या जागेत, कमी वेगाने, पुढची चाकं आधी लॉक होईपर्यंत जुळवा. पुढच्या लाईनमध्ये तो कधीच नको.

एवढं सगळं उघडलंच आहे, तर जुना एकेरी सर्किटचा मास्टर परत बसवू नका. त्यात एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. दोन सर्किटचा, पुढच्या कॅलिपरला पुरेल एवढ्या मोठ्या टाकीचा मास्टर घ्या. बँजो बोल्टला (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टला) दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर घाला. तेल डॉट ३ किंवा डॉट ४ भरा आणि डॉट ५ त्यात कधीच मिसळू नका, ते सिलिकॉनचं असतं. होजची लांबी चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांना नेऊन तपासा. उभ्या गाडीत पुरेसा वाटणारा होज उताराच्या दगडावर ताणला जातो.

मागे डिस्क लावताना हँडब्रेकचा विचार आधीच करा. विलीज जीप आणि सीरीज लँड रोव्हरमध्ये तो ट्रान्सफर केसमागच्या शाफ्टवर असतो, त्यामुळे मागचे ड्रम गेले तरी तो शाबूत राहतो. ज्या गाडीत हँडब्रेक मागच्या ड्रममध्येच आहे, तिथे हँडब्रेकची सोय असलेले कॅलिपर किंवा आत छोटा ड्रम असलेली डिस्क घ्यावी लागेल. ते हातात येईपर्यंत मागचे ड्रम काढू नका.